मच्छरदाणीतला उजेड

गोखिवऱ्याला पहिल्या मजल्यावर माझा गाळा आहे आणि तिथे मी दिवसभर नळांचे फोटो काढतो. बेसिनचा नळ, स्वयंपाकघरातला नळ, मान फिरवणारा नळ, भिंतीतून नुसतंच नाक बाहेर काढणारा नळ. चकचकीत स्टीलचा नळ हा फार लबाड प्राणी असतो. समोर जे जे उभं राहील ते ते तो पोटात घेतो. खिडकी, ट्यूबलाईट, कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागचा टक्कल पडलेला माणूसही. म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना सॉफ्टबॉक्स लावायचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, सॉफ्टबॉक्स म्हणजे बाहेरून काळी आणि आतून चंदेरी अशी कापडाची पेटी. पाठीमागून तिच्यात फ्लॅश बसवायचा आणि पुढे तोंडाला पांढरं कापड ताणायचं. फ्लॅशचा उजेड आतल्या आत आपटतो, कापडातून गाळून बाहेर येतो आणि त्याची धार जाते. उंच, अरुंद पेटी लावली की नळाच्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक सरळ पांढरा पट्टा उमटतो, ओरखडे दिसेनासे होतात आणि साधा नळसुद्धा मोठ्या घरचा वाटायला लागतो. गिऱ्हाईक खूष होतं. आणि मुख्य म्हणजे, फोटो बघून नळ कधी म्हणत नाही की हा मी नव्हे.

माणसांचे फोटो मी केव्हाच सोडले. कोणी विचारलं तर सांगतो, लग्नाच्या कामात फार धावपळ होते, पाठ दुखते. पाठ खरोखरच दुखते, त्यामुळे हे सांगताना चेहरा सरळ राहतो. खरं कारण आमची येमीआत्या. ते मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. माझ्या गप्प बसण्याचं गावात कौतुकच होतं. नंदू फार शांत, नंदू कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. आता पन्नाशी जवळ आली. शांत माणूस आणि तोंड लपवणारा माणूस लांबून सारखेच दिसतात, एवढं मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो.

जूचंद्रच्या आमच्या घरात तेव्हा आई, वडील, मी आणि येमीआत्या असे चौघे होतो. आत्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला तशी ती परत आली आणि मिठागरावर कामाला लागली. उघड्यावर, पायाखाली पांढरं मीठ आणि वर ऊन, असं तिचं अर्धं आयुष्य गेलं. मिठावरून उलटून येणारा उजेड खालून तोंडावर येतो, त्याला पदरही अडवू शकत नाही. म्हणून मिठागरावरच्या बायांचे डोळे कायम बारीक केलेले असतात आणि डोळ्यांच्या कडेला जाळं पडतं. आत्याचं जाळं कानापर्यंत गेलं होतं. कपाळावर आडव्या, गालावर उभ्या आणि ओठांच्या कडेला आतून खेचल्यासारख्या सुरकुत्या. दात मिसरीने काळपट. ती हसली की हे सगळं एकदम हलायचं, वाऱ्यावर जाळं हलतं तसं. सकाळी तिचा आवाज आधी यायचा आणि मग ती. तांदळाची भाकरी थापताना ती घशातल्या घशात काहीतरी गुणगुणायची, भाकरी तव्यावर पडली की ते गुणगुणणं थांबायचं आणि उलटली की पुन्हा सुरू व्हायचं. भाजलेल्या सुक्या बोंबलाचा वास, चुलीवर वालाचं आंबट, मागच्या दारी नळाखाली आईची भांडी, आणि त्या सगळ्याच्या खाली आत्याचं ते गुणगुणणं. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरात असं असतं.

आत्या धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात बाई विधी लावते. हळद, देव बसवणं, मुहूर्तमेढ, प्रत्येक गोष्टीचं तिच्याजवळ गाणं, म्हणजे धवला, असतं आणि ती गायल्याशिवाय ती गोष्ट झाली असं धरत नाहीत. निदान तेव्हा धरत नसत. गावातल्या कितीतरी घरांचे संसार आत्याच्या आवाजाने सुरू झालेले. रस्त्याने चालली की बाया ओट्यावरून हाक मारायच्या, "आत्ये, च्या घेऊन जा." पण मी कॉलेजातून बाहेर पडलो त्या सुमाराला हळदीला मोठमोठे स्पीकर यायला लागले होते. धवला सुरू असतानाच बाहेर पोरं गाणी लावायची. आत्या गायची आणि तिचं तिलाच ऐकू यायचं नाही. मग हळूहळू बोलावणी कमी झाली. "लवकर आटपा आत्ये," असं म्हणायला लोक शिकले. ती घरी येऊन लुगडं बदलायची आणि म्हणायची, "आज अर्धाच गायलय. बाकीचा देवाला पाठ हाय." आणि हसायची. त्या हसण्यात मी फार लक्ष घातलं नाही. माझं लक्ष दुसरीकडे होतं. मी कलावंत झालो होतो.

म्हणजे नाक्यावर मी फोटो स्टुडिओ टाकला होता. वडिलांनी दिलेली ती खोली आधी धान्याची होती. भिंतीतून अजून तांदळाचा वास यायचा. वसईतल्या रद्दीच्या दुकानातून मी परदेशी मासिकं आणायचो आणि त्यातल्या बायकांच्या गालांवरून बोट फिरवून बघायचो. बायकांसाठी नव्हे (थोडं बायकांसाठीही), तर त्या उजेडासाठी. सावली कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळतच नव्हतं. हे सॉफ्टबॉक्सचं काम, असं वाचलं. मग मी घरीच सॉफ्टबॉक्स केला. टीव्हीचं खोकं, आतून चंदेरी कागद, आणि तोंडाला आईचं पापड वाळवायचं मलमलीचं फडकं. आत हॅलोजन. पहिल्याच गिऱ्हाइकाच्या वेळी फडक्याने पेट घेतला. पासपोर्ट फोटोला आलेले ते गृहस्थ खुर्चीवरून उठले ते सरळ रस्त्यावर. आईने जळकं फडकं हातात धरून बघितलं आणि म्हणाली, "पापड भाजून झाले, पन वालवायचे कशावर?" वडील आठवडाभर स्टुडिओला चूल म्हणत होते.

मग खरा सॉफ्टबॉक्स आणायला मी मुंबईला गेलो. दुकानदार भला माणूस होता. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "खोली केवढी आहे?" सॉफ्टबॉक्स निवडताना विचारायचा पहिला प्रश्न हाच, आजही कोणी शिकायला आलं तर मी त्याला हेच सांगतो. पेटी मोठी आणि माणसाच्या जवळ असेल तर उजेड मऊ; लहान आणि लांब असेल तर कडक. चौकोनी पेटी डोळ्यात खिडकीसारखी चमकते, अष्टकोनी चंद्रासारखी. पण खोलीच लहान असेल तर मोठ्या पेटीचा उजेड चारी भिंतींवर आपटून परत येतो, सावली म्हणून काही उरतच नाही, आणि माणूस भाताच्या पेजेत बुडवून काढल्यासारखा दिसतो. हे सगळं मला त्या दुकानदाराने सांगायचा प्रयत्न केला. मी म्हणालो, "हॉल आहे." धान्याच्या खोलीला मी हॉल म्हणालो. आणि दुकानातला सगळ्यात मोठा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स खांद्यावर टाकून घरी आलो.

तो उघडला तेव्हा कळलं की तो आणि गिऱ्हाईक दोघं एकदम खोलीत मावत नाहीत. पंखा सुरू केला तर पाती कापडाला लागायची, म्हणून पंखा बंद. गिऱ्हाइकाने वाकून, सॉफ्टबॉक्सच्या खालून सरकत जाऊन खुर्चीवर बसायचं आणि घाम यायच्या आत मी फोटो काढायचा. एक नवरी आत गेली ती केसातला गजरा बाहेरच ठेवून. गावाने त्याचं नाव मच्छरदाणी ठेवलं आणि माझं मच्छरदाणीवाला. मला त्याचा राग यायचा, पण फोटो बघून मी स्वतःवरच खूष असायचो. सगळे गोरे. सगळे गुळगुळीत. सगळे एकमेकांचे लांबचे नातेवाईक वाटावेत असे.

आता जे सांगतो ते माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. एका दुपारी विरारची एक मुलगी आईला घेऊन फोटोला आली होती. लग्नाचा फोटो, स्थळांना पाठवायला. छान कपडे, बोलणंही छान, आणि मी नेहमीपेक्षा जास्त वेळ उजेड इकडेतिकडे करत होतो. तेवढ्यात आत्या दारात आली. काष्टा मारलेलं लुगडं, अनवाणी, पायांना चिखल, हातात माझा जेवणाचा डबा. "नंदू, निवल हां, लवकर खा," म्हणाली आणि मिसरीच्या दातांनी त्या दोघींकडे बघून हसली. मुलीच्या आईने मला हळूच विचारलं, "ही कोण?" आणि मी म्हणालो, "गावातली आहे."

एवढंच. खोटं नव्हतं, आत्या गावातलीच होती. आत्याने डबा उंबऱ्यावर ठेवला आणि गेली. तिने ऐकलं की नाही हे मला कधीच कळलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून डबा आईबरोबर यायला लागला. त्या विरारच्या मुलीचं लग्न कुठेतरी चांगल्या घरी झालं असावं. फोटोत ती इतकी गुळगुळीत होती की घरच्यांनी दारात तिला ओळखलं असेल अशी आशा करतो.

त्याच वर्षी प्रमोद माझ्याकडे आला. प्रमोद माझ्या वर्गातला, गावातल्या चांगल्या रांगोळीवाल्यांपैकी एक. बाहेरच्यांना रांगोळी म्हणजे दारापुढची नक्षी वाटते. आमच्याकडे पोरं फळीवर पालथी पडून चिमटीतून रंग सोडत जमिनीवर माणूस उभा करतात, अगदी डोळ्यातल्या पाण्यासकट. नवरात्रात शाळेच्या वर्गात प्रदर्शन असतं आणि लांबलांबून माणसं रांगा लावतात. प्रमोद म्हणाला, "या वर्षी पुढारी नको, नट नको. येमीआत्याला काढतो. निम्म्या गावाची लग्नं लावली तिनं आन् आता हळदीला तिला कोन इचारत नाय. निदान एकदा रांगेत उभं राहून बघतील तिला." मला एकदम भरून आलं. ते आत्यासाठी होतं असं त्या वेळी मला वाटलं.

आत्याला सांगितलं तर ती लाजली. "माजा त्वांड कशाला? देवीचा काढ." पण संध्याकाळी आईला विचारत होती, "तो हिरवा लुगरा बरा दिसेल का गो?" फोटोच्या दिवशी ती न्हाऊन, नथ घालून, नवं लुगडं नेसून नाक्यावर आली. मच्छरदाणीखालून वाकून आत गेली, खुर्चीवर बसली आणि वर बघून म्हणाली, "यात झोपायचा का बसायचा?" मी उजेड तपासत होतो. कापड लावायच्या आधी नुसता फ्लॅश लागतोय का बघायला मी एक फोटो काढला. तो कडक उजेड एका बाजूने तोंडावर आदळला तसे आत्याने मिठागरावर करायची तसे डोळे बारीक केले आणि हात उगारून ओरडली, "मेल्या, डोले फोरशील माजे! बंद कर तो दिवा!" आणि स्वतःच हसायला लागली. मी म्हणालो, "आत्ये, हा तपासायचा होता, हा धरायचा नाही." मग कापड ताणलं, सावली पुसायला समोरून पांढरा थर्माकोल लावला, मच्छरदाणी तिच्या नाकाशी आणली आणि "हलू नको, हसू नको, मान वर" असं करत मनासारखा फोटो काढला. फोटोतल्या बाईला एकही सुरकुती नव्हती. डोळ्यांत दोन सुंदर गोल चंद्र होते. दात दिसू नयेत म्हणून तोंड मी मिटून घ्यायला सांगितलं होतं.

प्रमोदने फोटो हातात घेतला आणि दारातल्या उजेडाकडे वळवला. मग म्हणाला, "नंद्या, सावली कुठाय? रांगोळीत आपन सावलीच काढतो रे. तोंड आपोआप येतं."

"सावली म्हणजे जुन्या पद्धतीचा फोटो," मी म्हणालो. "बाहेर आता असेच फोटो काढतात."

"बाहेर काढूदे. हिच्या गालावरच्या रेषा कुठं गेल्या?"

"म्हातारीला जरा बरं दिसू दे की. तिलाही वाटतं."

आत्याच्या नावावर मी हे खपवलं. तिला काय वाटतं ते मी विचारलंच नव्हतं. मला काय वाटत होतं ते मात्र आता सांगता येतं. प्रदर्शनाला वसई-विरारकडची शिकलेली माणसं येणार, आणि त्यांनी या बाईकडे बघून माझ्याकडे बघितलं तर मला चालावं, अशी एक आत्या मला हवी होती. प्रमोदने दुसरा फोटो मागितला. मी म्हणालो, दुसरा नाही. त्याला स्वतः आत्याला समोर बसवून काढता आलं असतं, पण दिवस थोडे होते आणि माझ्या शब्दाला तो मान द्यायचा. त्याने फोटोत होतं ते तसंच्या तसं काढलं. हात त्याचा सोन्याचा होता, त्यामुळे माझी चूक जमिनीवर फार हुबेहूब उतरली.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी आत्या हिरवं लुगडं नेसून, गजरा माळून, रांगोळ्यांभोवती बांधलेल्या दोरीच्या या बाजूला भिंतीशी उभी होती. कोणी विचारलं तर आपणच ती, असं सांगायला नव्हे. लोक बघताना कसे बघतात ते बघायला. रांग सुरू झाली. माणसं देवीसमोर थांबली, कुठल्याशा नटासमोर थांबली, आणि आत्याच्या रांगोळीपुढून सरळ गेली. दोन बाया थांबल्या. त्यांतल्या एकीच्या लग्नात आत्या रात्रभर गात बसली होती, मला आठवतं. ती म्हणाली, "ही कोन गो? पिच्चरमधली आयस वाटते." दुसरी म्हणाली, "गावातलीच आसंल कोनतरी." मग तिने खालची पाटी वाचली. पाटीवर 'आमची धवलारीण येमीआत्या' असं लिहिलं होतं. ती प्रमोदला म्हणाली, "पाटी चुकली का रं पम्या? ही आत्या नाय."

मग ते पसरलं. मागचे पुढच्यांना सांगायला लागले, पोरं मुद्दाम पाटी वाचून हसायला लागली. "पम्याला आत्या नाय जमली." "आत्याची सून काढली याने." प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचे एक काका प्रमोदला बाजूला घेऊन म्हणाले, "नाव तरी काढून टाक, म्हातारीला बरं नाय वाटत." प्रमोदने माझ्याकडे बघितलं. मी तिथेच होतो, भिंतीशी, कॅमेरा गळ्यात घालून. एक वाक्य पुरलं असतं. फोटो माझा आहे, एवढंच. त्या वाक्याने लोकांचं हसणं माझ्याकडे वळलं असतं, आणि प्रमोदला निदान रंगाच्या पुड्या घेऊन पुन्हा फळीवर पालथं पडता आलं असतं, कारण आत्या समोरच उभी होती. मी कॅमेऱ्याची लेन्स पुसायला घेतली. फार स्वच्छ पुसली. शांत माणूस.

आत्या पुढे झाली, दोरीवरून वाकून तिने रांगोळीतल्या त्या बाईकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "मी पन नाय वलखत हिला. पन गोरी हाय बिचारी." सगळे हसले. तीही हसली. आणि दसऱ्यानंतर रांगोळ्या झाडायची वेळ आली तेव्हा ती केरसुणी घेऊन वर्गात आली. पोरांना म्हणाली, "ही माजी मीच झारते." आधी ते दोन चंद्र गेले, मग नथ, मग ते पेजेतलं तोंड. सगळे रंग मिळून एक करडा ढीग झाला. तो सुपात भरताना ती घशातल्या घशात काहीतरी गुणगुणत होती. मी दारातून परत फिरलो.

पुढच्या वर्षांचं फार सांगण्यासारखं नाही. प्रमोद दिसला की मी रस्ता बदलायचो. जूचंद्रमध्ये रस्ते किती, त्यामुळे मी कितीदा लोकांच्या मागच्या दारांतून घरी आलो ते त्या लोकांना विचारा. मच्छरदाणी मी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाला देऊन टाकली आणि गोखिवऱ्यात नळांकडे वळलो. आत्या गेली तेव्हा भिंतीवर लावायला एकच चांगला फोटो होता. तोच. हार घालताना आई म्हणाली, "येमीबाय यात कशी गप बसलेय!" मी म्हणालो, फोटोत सगळेच गप्प बसतात.

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी प्रमोद गाळ्यावर आला. पुतण्याच्या दुकानासाठी नळांचे फोटो हवे होते. केस माझ्यासारखेच गेलेले. मी दोन्ही पेट्या लावल्या, नळ टेबलावर ठेवला, आणि कॅमेऱ्याच्या मागे तोंड लपलेलं असताना बोलून टाकलं. "प्रमोद, आत्याच्या त्या रांगोळीत तुझी चूक नव्हती. फोटो माझा होता. मी सांगायला हवं होतं."

प्रमोदने मान खाली घातली. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता.

"नंद्या, तू हे आत्ता सांगतोस? अरे सगल्या गावाला म्हाईत हाय!"

"कोणी सांगितलं? तू?"

"मी कशाला सांगीन? आत्यानी. त्याच संध्याकाली घरी आली माज्या. बोलली, पम्या, तू वाईट नुको वाटून घेऊ, फोटू नंदूचा हाय, त्या मच्छरदानीन मीच बसलेली ना. मग घराघरात जाऊन सांगून आली, पम्याला हसू नुका. आन् वर बोलली, पन नंदूला कोन बोललात तर बघा. नवीन दुकान हाय त्याचं, हुरूप जाईल." त्याने डोळे पुसले. "तू मागच्या दारानं पलायचास ना, तवा आमच्या घरी सगले बोलायचे, बघा गुपित चाललं."

इतकी वर्षं मी जी गोष्ट छातीशी धरून कडेकडेने चाललो, ती माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होती. मी गप्प बसत होतो असं मला वाटायचं. खरं तर गाव माझ्यासाठी गप्प बसलं होतं, आणि गावाला आत्याने गप्प बसवलं होतं. माझ्या शांतपणाचं कौतुक म्हणजे काय होतं तेही तेव्हा कळलं. मी हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. डबा आणि उंबरा आठवत होता. ते प्रमोदला ठाऊक नव्हतं. ते आत्याने कोणाच्याच घरी जाऊन सांगितलं नव्हतं.

"दुसरा फोटो खरंच नव्हता?" जाता जाता त्याने विचारलं.

नव्हता, असं मी म्हणणारच होतो, सवयच ती. मग आठवलं. जुन्या सीडींची पिशवी घरी माळ्यावर होती. रात्री ती खाली काढली; बऱ्याच सीडी उघडल्याच नाहीत. एक उघडली. कापड लावायच्या आधीचा, नुसत्या फ्लॅशचा तो टाकाऊ फोटो. अर्धं तोंड उजेडात, अर्धं काळंभोर. कोपऱ्यात मच्छरदाणीचं न लावलेलं कापड लोंबतंय. जाळं कानापर्यंत गेलेलं, डोळे बारीक, हात उगारलेला, तोंड उघडं आणि त्यात मिसरीचे दात. माझ्यासारख्या माणसाने कोणाला दाखवू नये असा फोटो. दुसऱ्या दिवशी प्रमोद तो बघून एवढंच म्हणाला, "हां. आता बोल."

या वेळी तो फळीवर पालथा पडला तेव्हा मी कडेला बसलो होतो. तो काळा, तपकिरी, विटकरी सोडत गेला, एका सुरकुतीला लागून दुसरी, आणि मी चिमटीने रंगाच्या पुड्या पुढे सरकवत होतो. कामाचा सगळ्यात सोपा भाग, तोही, मी दोनदा चुकीचा रंग दिला म्हणून, त्याने मला शिव्या घालत करून घेतला.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी मी दोरीजवळ उभा राहिलो, जिथे ती उभी होती तिथेच. गावातल्या बाया आत आल्या. एकीने तोंडाला पदर लावला. "आत्ये, आलो गो, ओरडतेस कशाला," दुसरी जमिनीकडे बघून म्हणाली आणि पुढे गेली. पाटी कोणी वाचली नाही. मग नव्या टॉवरांकडची एक मुलगी आली, मोबाईलवर फोटो काढला, थोडी वाकली, आणि समोर मीच होतो म्हणून मला विचारलं, "काका, ही कोण?"

मंडळाची दोन पोरं एकदम पुढे झाली, सांगायला. मी त्यांना हाताने मागे सारलं.

"माझी आत्या," मी म्हणालो.

बहुतेक फार मोठ्याने म्हणालो असेन. रांगेतल्या सगळ्यांनी वळून बघितलं, आणि खाली जमिनीवर आत्या डोळे बारीक करून, हात उगारून माझ्यावर ओरडतच होती.